लोकअदालतीत जुनं शैक्षणिक कर्ज मिटवणं: सेवा उत्तम, पण तारखा मोजूनच जा

वर्षातून चार वेळा, बहुतेक करून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या आवारात बँकांची टेबलं लागतात. राष्ट्रीय लोकअदालतीचा तो दिवस. २०२५ च्या वेळापत्रकात ८ मार्च, १० मे, १३ सप्टेंबर आणि १३ डिसेंबर या तारखा होत्या. त्याआधी काही आठवडे घरोघरी नोटिसा पोचतात. दहा-बारा वर्षांपूर्वीचं शैक्षणिक कर्ज, शाखेचं नाव, डोळे फिरतील असा थकबाकीचा आकडा, वर विधी सेवा प्राधिकरणाचं नाव आणि खाली "तडजोडीसाठी हजर राहावे". न्यायालयाचा पत्ता बघून घरातली मोठी माणसं हबकतात आणि मुलाला फोन लावतात.

थकलेलं शैक्षणिक कर्ज मिटवण्यासाठी ही सेवा कितपत उपयोगी आहे, एवढाच इथे प्रश्न आहे. आमचं मत आधीच सांगतो. कर्ज अजून कायद्याने वसूल होण्यासारखं असेल तर लोकअदालतीइतकी स्वस्त, जलद आणि पक्की जागा दुसरी नाही. वसुलीचा दावा लावण्याची कायदेशीर मुदत उलटून गेली असेल, म्हणजे कर्ज मुदतबाह्य असेल, तर हीच जागा सर्वात महागात पडू शकते. तुमचं कर्ज या दोन्हींपैकी कुठे बसतं ते तारखांवरून ठरतं, आणि त्या तारखा तिथे तुमच्या वतीने कोणी मोजत नाही.

लोकअदालत विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली चालते. न्यायालयात दावा दाखलच झालेला नाही असं प्रकरणही तिथे ठेवता येतं. त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात, आणि जुन्या शैक्षणिक कर्जाच्या बहुतेक नोटिसा याच प्रकारच्या असतात. पॅनलवर सहसा कार्यरत किंवा निवृत्त न्यायाधीश, वकील आणि सामाजिक कार्यकर्ता बसतात. कोर्ट फी लागत नाही. वकील लागतोच असंही नाही. लागलाच तर महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, नाहीतर १५१०० या क्रमांकावर विचारायचं. कर्जावर आई सहकर्जदार असेल तर तिच्या नावाने हा हक्क लगेच वापरता येतो. फार थोडे लोक तो वापरतात.

तडजोड झाली की पॅनल निवाडा देतं. कलम २१ प्रमाणे तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, अंतिम असतो, आणि त्यावर अपील नाही. पैसे चुकले तर बँक दावा न लावता थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करते. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षांची मुदत आहे.

नोटिशीच्या धास्तीवर एक उतारा आहे. लोकअदालतीला कोणाविरुद्ध निर्णय देण्याचा अधिकारच नाही. पंजाब राज्य विरुद्ध जालोर सिंग या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं आहे: लोकअदालत फक्त झालेली तडजोड नोंदवते. दाखलपूर्व प्रकरणात तुम्ही गेला नाहीत तर अटक होत नाही, एकतर्फी निवाडा होत नाही, दंडही होत नाही. प्रकरण मिटलं नाही एवढीच नोंद होते आणि बँकेला दाव्याचा मार्ग मोकळा राहतो. तो मार्ग खरंच मोकळा आहे का, हे पुढच्या हिशेबावरून कळतं.

मुदतीचा हिशेब

"तीन वर्षं झाली की कर्ज बाद" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. त्यात निम्मंच सत्य आहे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे तारण नसलेल्या कर्जाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, हे बरोबर. पण तीन वर्षं कुठून मोजायची, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, झालं त्या तारखेपासून मोजायची नाहीत. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. ते बँकेच्या हिशेबातलं वर्गीकरण आहे. हप्त्यांनी फेडायच्या कर्जात प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या देय तारखेपासून स्वतंत्र धावते. मात्र बँकेने करारातला हक्क वापरून उरलेली सगळी रक्कम एकदम मागितली, म्हणजे रिकॉल नोटीस दिली, तर पूर्ण बाकीची मुदत तिथून सुरू होते. ती नोटीस वाचायला भयंकर असते, पण मुदतीच्या दृष्टीने ती बँकेचंच घड्याळ चालू करते. म्हणून ती फाडून टाकू नका. जुन्या फायलीतला सर्वात कामाचा कागद तोच असतो.

उदाहरण घेऊ. अभ्यासक्रम जून २०१४ मध्ये संपला, एक वर्ष हप्ते न भरण्याच्या सवलतीचं, पहिला हप्ता १० जुलै २०१५, एकूण ८४ हप्ते, म्हणजे शेवटचा १० जून २०२२. नोव्हेंबर २०१६ नंतर एकही हप्ता भरलेला नाही आणि कुठेही सही केलेली नाही. रिकॉल नोटीस आलीच नसेल तर डिसेंबर २०१६ च्या हप्त्याची मुदत डिसेंबर २०१९ मध्ये संपली. शेवटच्या हप्त्याची मुदत मात्र १० जून २०२५ पर्यंत होती. मधली साडेपाच वर्षं हे कर्ज थोडं मुदतबाह्य आणि थोडं वसुलीयोग्य, असं अर्धवट अवस्थेत होतं. त्या काळात तडजोडीला बसणाऱ्याने पूर्ण आकडा मान्य करण्याचं काहीच कारण नव्हतं.

यात कोविडची भर घालावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. हे ७१६ दिवस होतात. १५ मार्च २०२० ला जी मुदत चालू होती तिला हे दिवस वाढवून मिळाले. वरच्याच उदाहरणात १० जानेवारी २०२० चा हप्ता एरवी १० जानेवारी २०२३ ला मुदतबाह्य झाला असता, तो २६ डिसेंबर २०२४ ला झाला. बँकेने रिकॉल नोटीस देऊन १५ ऑगस्ट २०१८ पर्यंत पूर्ण रक्कम मागितली असती तर सगळ्या कर्जाची मुदत १ ऑगस्ट २०२३ ला संपली असती. एकाच कर्जात नोटीस आली की नाही एवढ्यावर जवळजवळ दोन वर्षांचा फरक पडतो. ज्या मुदती त्या काळातच संपणार होत्या, त्यांना १ मार्च २०२२ पासून किमान ९० दिवस मिळाले. शिवाय मार्च ते ऑगस्ट २०२० मधल्या हप्त्यांना बँकेने स्थगिती दिली असेल तर देय तारखाच पुढे सरकतात, म्हणून परतफेडीचा जुना तक्ता न धरता सुधारित तक्ता मागा.

आता परदेशात असलेल्यांसाठी, कारण त्यांची फसगत सर्वात मोठी होते. मुदत कायद्याच्या कलम १५ च्या पोटकलम ५ प्रमाणे प्रतिवादी भारताबाहेर असेल तो काळ मोजणीतून वगळला जातो. एम.एस.साठी कर्ज काढून अमेरिकेत किंवा जर्मनीत गेलेला आणि तिथेच राहिलेला विद्यार्थी "आठ वर्षं झाली, आता काय करणार" असं धरून चालतो. त्याच्यापुरतं घड्याळ विमानतळावरच थांबलेलं असतं. इथे असलेल्या सहकर्जदार वडिलांचं घड्याळ मात्र चालू राहतं. एकाच कर्जात मुलगा अजून अडकलेला आणि वडील मोकळे, असं होऊ शकतं. पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के अशा हिशेबात पुरावा ठरतात.

तारण असेल तर गणित बदलतं. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही, पालक सहकर्जदार असतात. ४ ते साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीची जामीनकी घेण्याची पद्धत होती. साडेसात लाखांवर घर, जमीन किंवा तत्सम तारण लागतं. स्थावर गहाण असेल तर गहाणाच्या आधारे वसुलीला १२ वर्षं मिळतात. तिथे तीन वर्षांचा हिशेब घेऊन बसू नका.

जामीनदाराचं घड्याळ जामीनपत्राच्या शब्दांवर चालतं. "मागणी केल्यावर देईन" असं लिहिलेलं असेल तर त्याची मुदत बँकेने त्याच्याकडे मागणी केल्यापासून धावते. काका किंवा वडिलांचे मित्र जामीन राहिले असतील तर त्यांना आलेल्या पत्रांच्या तारखा वेगळ्या काढून ठेवा.

कर्ज सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडून येण्याच्या रकमेची मुदत तो सभासद मरण पावल्यापासून किंवा सभासद राहिला नाही तेव्हापासून मोजतात. कर्ज देताना सभासद करून घेतलेलंच असतं. त्यामुळे तीन वर्षांचा युक्तिवाद तिथे सहसा टिकत नाही, आणि लोकअदालतीत बऱ्या अटींवर मिटवणं हाच शहाणपणा ठरतो.

सरकारी बँकेला सरकारसारखी ३० वर्षं मिळतात, हाही एक पसरलेला समज. ती मुदत केंद्र आणि राज्य सरकारच्या दाव्यांना आहे. राष्ट्रीयीकृत बँक म्हणजे सरकार नव्हे.

घड्याळ पुन्हा सुरू करणाऱ्या सह्या

मुदत संपण्याआधी कर्जदाराने लेखी, सहीनिशी बाकी कबूल केली तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. कबुलीत रक्कम लिहिलेली असावी लागत नाही. "मी आत्ता देऊ शकत नाही" असं लिहिलं तरी देणं आहे हे मान्य केल्यासारखंच होतं. ई-मेलही चालतो. ओटीएससाठी, म्हणजे सवलतीत एकदाच कर्ज मिटवण्यासाठी, केलेला अर्जसुद्धा कबुली ठरू शकतो, आणि त्यावर "हक्क अबाधित ठेवून" असं लिहिणं हे पूर्ण कवच नाही.

पैसे भरण्याचंही तसंच. वसुलीवाले म्हणतात, "पाचशे रुपये भरा, खातं चालू दिसेल, बाकीचं नंतर बघू." भरणा स्लिपवर किंवा चेकवर तुमची सही असते. मुदतीच्या आत तसं पाचशे रुपये भरलेत तर कलम १९ प्रमाणे उरलेल्या सगळ्या रकमेला नवी तीन वर्षं मिळतात.

मुदत संपल्यानंतर नुसत्या कबुलीने किंवा किरकोळ भरण्याने कर्ज पुन्हा जिवंत होत नाही. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५ चा तिसरा खंड लक्षात ठेवा: मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी आणि सही केलेलं वचन हा नवा, बंधनकारक करार असतो. "बाकी मान्य आहे" आणि "बाकी फेडीन" या दोन वाक्यांत म्हणूनच जमीनअस्मानाचा फरक आहे. बँकेच्या छापील कागदावर ती दोन्ही एकाच ओळीत असतात.

बँकेचा माणूस गावी जाऊन म्हाताऱ्या वडिलांची बाकी कबुली पत्रावर सही घेऊन येतो, हेही घडतं. मुदत कायद्याच्या कलम २० प्रमाणे एका सहकर्जदाराच्या कबुलीने, केवळ त्या कारणावरून, दुसरा बांधला जात नाही. वडील मात्र अडकतात. घरी आधीच सांगून ठेवा: कागद ठेवून घ्यायचा, सही करायची नाही. वडील हयात नसतील तर वारसांची जबाबदारी त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःच्या कमाईतून ते कर्ज फेडण्याचं बंधन सहकर्जदार नसलेल्या भावंडांवर येत नाही.

सेवेतली खरी त्रुटी इथे दिसते. दिवाणी न्यायालयात मुदतबाह्य दावा आला तर मुदत कायद्याच्या कलम ३ प्रमाणे न्यायाधीशाला तो फेटाळावाच लागतो, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी. लोकअदालतीत निर्णय द्यायचा नसतो, म्हणून मुदत पाहण्याचं काम कोणाकडेच नसतं. पॅनल विचारतं, "दोघांना मान्य आहे ना?" तुम्ही हो म्हटलंत की जे कर्ज न्यायालयात उभं राहिलं नसतं त्याचा १२ वर्षं चालणारा हुकूमनामा तयार होतो. विधी सेवा प्राधिकरणाने दाखलपूर्व अर्जात शेवटच्या भरण्याची आणि शेवटच्या कबुलीची तारीख लिहिणं बँकांना सक्तीचं केलं तर हा अन्याय पुष्कळ कमी होईल.

जाण्याआधी काय जमवायचं

मंजुरीपत्र, कर्जकरार, वितरणापासूनचा संपूर्ण खातेउतारा, परतफेडीचा तक्ता, बँकेने पाठवलेल्या सगळ्या नोटिसा आणि तुम्ही सही केलेल्या प्रत्येक कबुलीपत्राची प्रत. शाखेत मागणी करताना अर्जात फक्त "या खात्याची कागदपत्रे मिळावीत" एवढंच लिहा. "माझ्या थकीत कर्जाबाबत" असं लिहिलंत तर ती कबुली ठरू शकते.

मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर कर्जदार आणि सहकर्जदार दोघांच्याही नावाने शोध घ्या, शाखा ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या न्यायालयांत. बँकेने मुदतीत दावा लावला असेल आणि समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर मुदतीचा सगळा हिशेब निरर्थक होतो. असा हुकूमनामा आढळला तर थांबू नका. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला माहिती झाल्यापासून ३० दिवसच असतात. २० लाख आणि त्यावरच्या कर्जासाठी कर्जवसुली न्यायाधिकरणाची नोंदही पाहा. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात शेवटच्या भरण्याची तारीख आणि "राइट-ऑफ" लिहिलंय का ते दिसतं. राइट-ऑफ म्हणजे माफी नाही. बँकेने आपल्या ताळेबंदातून रक्कम काढली, वसुलीचा हक्क ठेवला. कर्जहमी निधीतून बँकेला दाव्याचे पैसे मिळाले असतील तरी तुमचं देणं उरतंच. कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल तर तिला बँकेचीच जागा मिळते, नवं घड्याळ मिळत नाही.

मुदत संपल्याने देणं नाहीसं होत नाही, न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. क्रेडिट अहवालातली नोंद राहू शकते, आणि त्याच बँकेतल्या तुमच्या बचतखात्यातून बँक रक्कम वळती करण्याचा प्रयत्न करू शकते. म्हणून गृहकर्ज काढायचंय, नोंद साफ हवीय, असं असेल तर मुदतबाह्य कर्जही मिटवावंसं वाटू शकतं. तो तुमचा निर्णय, पण तो हिशेब समोर ठेवून घेतलेला असावा.

टेबलावर

नोटिशीतला आकडा आणि खात्यातला आकडा एक नसतो. खातं एनपीए झाल्यावर बँक व्याज उत्पन्नात धरत नाही. ते वेगळं नोंदवून ठेवते. नोटिशीत दोन्हींची बेरीज येते. बोलणी सुरू करताना अधिकाऱ्याला विचारा, "लेजर बाकी किती आणि न लावलेलं व्याज किती?" सवलत आधी दुसऱ्या आकड्यातून सुटते. शिक्षणाच्या काळात आणि सवलतीच्या काळात सरळ व्याज लावलंय का ते उताऱ्यात तपासा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कर्ज केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बसत असेल तर त्या काळाचं व्याज सरकारकडून जमा झालंय का, हेही पाहा. ते जमा झालेलं नसेल तर त्यावर चढलेलं पुढचं व्याजही वादाचं आहे.

ओटीएस हा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिजनोर अर्बन सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलंय. टेबलावरच्या अधिकाऱ्यालाही ठरावीक मर्यादेपर्यंतच सूट देता येते. त्यामुळे आधी आठवडाभर शाखेत बोलून प्रस्ताव प्रादेशिक कार्यालयाकडून मंजूर करून आणायला सांगितलं तर त्या दिवशी काम होतं. नाहीतर "वर विचारून सांगतो" यावर दिवस संपतो. हे बोलणं तोंडी ठेवा.

अधिकाऱ्याकडे तडजोड पुरसीसचा, म्हणजे तडजोडीच्या अटी लिहून दोघांनी सही करायच्या कागदाचा, छापील नमुना असतो, गाळलेल्या जागा भरायच्या. गर्दीत तो दोन मिनिटांत पुढे सरकवला जातो. थांबा आणि शेवटची ओळ वाचा. बहुतेक नमुन्यांत अशा अर्थाचं वाक्य असतं की ठरलेल्या तारखेला एकही हप्ता चुकल्यास सवलत रद्द होऊन संपूर्ण मूळ मागणी व्याजासह वसूल करता येईल. कर्ज मुदतीत असेल तर निदान दोन हप्त्यांची आणि ३० दिवसांची ढील लिहून घ्या. कर्ज मुदतबाह्य असेल तर हप्त्यांची तडजोड करूच नका. एकरकमी, त्याच दिवशी किंवा डिमांड ड्राफ्टने, आणि निवाड्यात "रक्कम मिळाली" असं नमूद करून. तसं केलं तर तोच अंतिम निवाडा तुमचं संरक्षण करतो.

पुरसीसमध्ये पुढचं वाक्य हवंच, नमुन्यात नसेल तर हाताने लिहून दोघांच्या सह्या घ्या: "सदर रक्कम मिळाल्यावर अर्जदार बँकेचा गैरअर्जदार क्र. १ व २ तसेच जामीनदार यांचेविरुद्ध सदर कर्जखात्याबाबत कोणताही हक्क, मागणी अगर दावा शिल्लक राहणार नाही." जामीनदार आणि सहकर्जदारांची नावं विसरली गेली तर बँक उरलेल्या रकमेसाठी त्यांच्याकडे वळण्याचा प्रयत्न करते. पुढच्या तारखांचे चेक देणं टाळा. न वटल्यास चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी खटला उभा राहतो आणि साधं दिवाणी देणं गुन्ह्याच्या वाटेने जातं.

परदेशातून येणं शक्य नसेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं विशेष कुलमुखत्यारपत्र पाठवा, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यात कमाल रक्कम लिहा. सर्वाधिकार देऊ नका.

इतर वाटा थोडक्यात

"कर्जमुक्ती करून देतो" म्हणणाऱ्या खासगी कंपन्या दरमहा शुल्क घेतात आणि शेवटी याच टेबलावर किंवा शाखेत जाऊन बसतात. काही जण तुमच्या नावाने बँकेला ई-मेल धाडतात, आणि त्या ई-मेलने मुदत नव्याने सुरू होते. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल कर्ज कमी करून देत नाही, पण छळ आणि चुकीच्या नोंदी यासाठी चांगला आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन, नातेवाइकांना त्रास देणारे फोन, हे सगळं नियमबाह्य आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर लोकपालाकडे ऑनलाइन, शुल्क नाही. तक्रारीत फक्त फोनच्या तारखा-वेळा लिहा, कर्जाच्या रकमेबद्दल शब्दही नको.

निवाडा झाल्यावर

त्याच दिवशी सही-शिक्क्याची नक्कल मागा. रक्कम भरल्यावर शाखेकडून बेबाकी दाखला घ्या. त्यावर खातेक्रमांक, रक्कम आणि निवाड्याची तारीख असली पाहिजे. तारण दिलं असेल तर मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर रोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. गहाणाची नोंद सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर असेल तर ती उतरवण्याचं पत्रही त्याच वेळी घ्या.

सवलतीत मिटवलेलं कर्ज अहवालात "सेटल्ड" असं दिसतं, "क्लोज्ड" नाही, आणि पुढची बँक हा फरक बघते. त्यामुळे राहिलेली तफावत थोडी असेल तर पूर्ण भरून "क्लोज्ड" घेणं गृहकर्ज काढणाऱ्याला परवडतं. महिना-दीड महिन्याने चारही अहवाल तपासा. नोंद बदललेली नसेल तर त्या संस्थेकडे दुरुस्तीची मागणी करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. मागणीसोबत बेबाकी दाखला आणि निवाड्याची नक्कल जोडा, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.